पिल्लाच्या कपाळावर चट्टा, थोरल्या मांजरीच्या पाठीवर खपल्या आणि मुलीच्या हातावर गोल डाग: हा एकच रोग समजावा का?

गावभागकर (सांगली)

नमस्कार. आमच्या घरात दोन मांजरे आहेत. थोरली यमी चार वर्षांची असून ती आमच्याच माळ्यावर जन्मली. धाकटा ठिपक्या साधारण तीन महिन्यांचा आहे. त्याला आम्ही गणपती झाल्यावर माझ्या सासुरवाडीहून, तासगावजवळच्या एका द्राक्षबागेतील शेडमधून आणले. तो येऊन दोन आठवडे होतात न होतात तोच त्याच्या उजव्या डोळ्याच्या वर, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी जागा केस झडून उघडी पडली. जवळून पाहिल्यास तिथली कातडी राखाडी दिसते, तिच्यावर पिठासारखा कोंडा असतो, आणि कडेचे केस मुळातून गेलेले नसून बोथट कात्रीने कातरल्यासारखे मध्येच तुटलेले आहेत. असाच दुसरा, लहान चट्टा पुढच्या डाव्या पायावर आहे. आश्चर्य असे की पिल्लू तिथे खाजवत नाही, खाते-पिते आणि दिवसभर पडद्यांना लोंबकळते.

यमीची तऱ्हा उलटी आहे. तिला गोल चट्टा असा कुठेच नाही. पण शेपटीच्या मुळाशी पाठीवरून हात फिरवला की केसांखाली बाजरी विखुरल्यासारख्या बारीक, कडक खपल्या बोटांना लागतात. ती रात्री उठून उठून पाठ चाटते आणि मांड्यांच्या आतील बाजू तर तिने चाटून गुळगुळीत करून टाकली आहे.

गेल्या आठवड्यात माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या दंडावर लाल कडेचा गोल डाग उठला. आईने हळद आणि खोबरेल तेल कालवून दोन्ही मांजरांना लावले (सांगलीत राहून हळदीला नको म्हणणारा मुलगा अजून जन्मायचा आहे), आणि मी औषधांच्या दुकानातून खाजेची एक ट्यूब आणून मुलीला व पिल्लाला दोघांनाही चार दिवस लावली. लाली उतरली, पण डाग पसरल्यासारखा वाटतो. शेजारच्यांनी पिल्लू मार्केट यार्डात सोडून येण्याचा सल्ला दिला आहे, तो मी मानणार नाही. मात्र दोघांना एकच रोग आहे का, ती ट्यूब चालू ठेवावी का, आणि मुलीला मांजरांपासून किती दिवस लांब ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मिरजेचा पशुवैद्य

गावभागकर, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की निम्मे काम झाले. तरीही छायाचित्र किंवा वर्णन पाहून निदान करता येत नाही, आणि त्वचारोगात तर नाहीच; कारण मांजराची कातडी दहा वेगवेगळ्या दुखण्यांना दोन-तीनच उत्तरे देते: केस झडणे, खपली धरणे आणि खाजणे. म्हणून चट्टा कसा दिसतो यापेक्षा तो शरीरावर कुठे आहे, खाजतो की नाही, आणि घरात आणखी कोणाला काय झाले आहे, हे मी आधी विचारतो.

या तीन प्रश्नांची आपली उत्तरे पाहता पिल्लाला नायटा असण्याची शक्यता बरीच वाटते. ‘रिंगवर्म’ या इंग्रजी नावामुळे अनेकांचा समज होतो की हा जंत किंवा किडा आहे. प्रत्यक्षात ती बुरशी आहे, आणि मांजरांमध्ये बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस ही जात सापडते. ती केसाच्या आतबाहेर वाढून केस ठिसूळ करते, म्हणून तो मुळातून न गळता मध्येच तुटतो. पिल्लांमध्ये ती लवकर रुजते, लांब केसांच्या पर्शियन मांजरांमध्ये चिवटपणे टिकते, आणि काही मांजरे स्वतः निरोगी दिसूनही केसांवर तिचे बीजाणू वागवत असतात. लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण एक ते तीन आठवडे जातात, तेव्हा पिल्लू हा प्रसाद शेडमधूनच घेऊन आले असावे. घरातील ओलीला दोष देण्याची घाई करू नये. दमट हवा बुरशीला मानवते हे खरे, पण ती भिंतीतून उगवत नाही, कोणाच्या तरी अंगावरून येते.

आता ट्यूब. आज रात्रीपासून ती बंद करावी, दोघांचीही. दुकानात खाजेसाठी न विचारता हाती ठेवतात त्या बहुतेक मलमांत बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि जोडीला तीव्र स्टेरॉइड असे तिन्ही असते. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज उतरते, माणसाला बरे वाटते, आणि त्या भागातील प्रतिकारशक्ती दबल्यामुळे बुरशी मात्र निवांत पसरते. आपल्या देशात माणसांचा नायटा चिवट होऊन बसण्यामागे या मिश्र मलमांचा मोठा हात आहे. मांजराच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की त्याला लावलेले प्रत्येक मलम शेवटी त्याच्या पोटात जाते. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि घरात मांजर आहे हे त्यांना आवर्जून सांगावे.

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगून एक विनंती करावी: तपासणीपूर्वी दोन-तीन दिवस हळद लावू नये. नायट्याची पहिली तपासणी अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांच्या दिव्याखाली, म्हणजे वूड्स लॅम्पखाली करतात. बाधित केस त्या प्रकाशात हिरव्या सफरचंदासारखे चमकतात. हळदीतील कर्क्युमिनही त्याच प्रकाशात पिवळट हिरवे चमकते. असे हळद माखलेले एक पिल्लू माझ्याकडे आले होते. दिवा लावला तर ते नाकापासून शेपटीपर्यंत दिवाळीसारखे उजळले आणि मला काहीएक कळले नाही.

दिव्याखाली चमक दिसली नाही म्हणून नायटा नाही, असेही होत नाही. अशा वेळी कडेचे केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, किंवा नवा टूथब्रश सर्वांगावरून फिरवून त्यात अडकलेले केस व कोंडा कल्चरसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून पाहण्यासाठी, पाठवावा लागतो. त्याचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात.

यमीचे दुखणे मला निराळे वाटते. त्यावर आधी इतरांचे अनुभव ऐकू.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी (सातारा)

गावभागकर दादा, पिल्लू सोडून न देण्याचा निर्णय घेतलात हे वाचून बरे वाटले. निदानाविषयी डॉक्टर बोलले आहेतच. मी केवळ माझ्याकडून झालेली चूक लिहिते, कारण ती कोणाच्याही घरी होऊ शकते.

आमच्या भाटीला गेल्या उन्हाळ्यात कानाच्या कडेला खपल्या धरल्या. आठवड्याभरात त्या इतक्या जाड झाल्या की कान वाळलेल्या भाकरीच्या कडेसारखे लागत. मग त्या कपाळावर आणि मानेवर उतरल्या, पंजांपर्यंत गेल्या. ती कान खाजवून रक्त काढी. झोपेतही तिचा मागचा पाय हालत असे. मी तो नायटा समजले. पुढे कळले की ती खरूज होती. नोटोएड्रेस नावाचा, डोळ्यांना न दिसणारा माइट कातडीत बोगदे करतो. तो कानांपासून आरंभ करतो आणि खाज असह्य असते. नायट्यात ती बहुधा अगदी कमी असते. त्या दिवसांत माझ्या हातांवरही बारीक पुरळ उठले होते, पण हा माइट माणसाच्या अंगावर संसार थाटत नाही, त्यामुळे मांजर बरे झाले तशी माझी खाजही गेली.

चूक पुढे आहे. आमचे एक नातेवाईक म्हशी पाळतात. त्यांनी गोठ्यात गोचीड मारण्यासाठी वापरतात ते औषध आणून दिले आणि ‘दोन थेंब बादलीत टाकून पूस’ म्हणाले. मी संध्याकाळी सात वाजता तिला त्या पाण्याने पुसले. दहाच्या सुमारास तिचे कान फडफडू लागले. वारा नव्हता, माशी नव्हती, कान मात्र थांबेनात. मग पाठीची कातडी लाटेसारखी थरथरली, तोंडातून लाळ गळू लागली, आणि ती उभी राहायला गेली तर मागचे पाय बाजूला घसरले. आम्ही फोनवर मिळालेल्या सूचनेप्रमाणे कोमट पाण्याने व भांडी घासण्याच्या साबणाने तिला धुतले, टॉवेलात गुंडाळून ऊब दिली आणि रात्रीच दवाखान्यात नेले. तिला सलाईन आणि स्नायू सैल पडण्याचे औषध देऊन दोन दिवस ठेवून घ्यावे लागले. ती वाचली, पण ते दोन दिवस मी विसरलेले नाही.

त्या बाटलीत सायपरमेथ्रिन होते. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही सगळी एकाच घराण्यातील औषधे. कुत्र्याला किंवा म्हशीला जे चालते ते मांजराला चालत नाही, कारण ही द्रव्ये मोडून बाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची ताकद फार तुटपुंजी असते. ‘कुत्र्यांसाठी’ असे लिहिलेले मानगुटीवरचे थेंब आणि माणसांच्या खरजेचे पर्मेथ्रिनचे मलम हेही त्यातच आले. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, हे मला त्या रात्री दवाखान्यात बसल्या बसल्या कळले.

खरजेवर पुढे डॉक्टरांनी सेलामेक्टिनचे थेंब दिले, महिन्याच्या अंतराने दोनदा, आणि घरातील दुसऱ्या मांजराला लक्षणे नसतानाही दिले. तीन आठवड्यांत खपल्या आपोआप गळून पडल्या.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक (पलूस)

ताईंनी लिहिले ते प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दारावर लावण्याजोगे आहे. माझी सारी नोकरी गाई-म्हशींत गेली. त्या काळी मांजर घेऊन कोणी सरकारी दवाखान्यात आले तर आम्हीच त्याच्याकडे कुतूहलाने पाहायचो. निवृत्तीनंतर घरात सात मांजरे जमली आणि उरलेले शिक्षण त्यांनी पूर्ण केले.

यमीबद्दल माझा संशय पिसवांवर आहे. पाठीचा मागचा भाग, शेपटीचे मूळ आणि मांड्या ही पिसवांची ठरलेली जागा. आपण म्हणाल, एकही पिसू दिसली नाही. दिसणारच नाही. ज्या मांजराला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते ते इतके चाटते की पिसवा गिळून टाकते, आणि अशा मांजराला आठवड्याकाठी दोन-चार चावेही पुरतात. म्हणून पिसू शोधण्याच्या नादी न लागता तिची विष्ठा शोधावी. उवांची बारीक दातांची फणी घेऊन शेपटीच्या मुळाशी उलट्या दिशेने चार-पाच वेळा फिरवावी, निघालेला काळा कचरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकावा आणि मिनिटभर थांबावे. माती असेल तर ती काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी ओघळ फुटतो, कारण ते पचलेले रक्तच असते. चाचणी फुकट आहे, आणि ती करताना मांजर बहुधा खूषच असते.

विष्ठा सापडली, तर निव्वळ यमीवर उपचार करून भागणार नाही. मांजराच्या अंगावर दिसते ती पिसवांची प्रौढ पिढी. तिची अंडी, अळ्या आणि कोष गोधडीत, फरशीच्या सांध्यांत, सोफ्याच्या बेचक्यात पडलेले असतात, आणि संख्येने तेच कितीतरी जास्त असतात. कोषातील पिसू चाहूल लागेपर्यंत आठवडे, कधी महिनेही दबा धरून बसते. त्यामुळे औषध टाकल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसल्या म्हणजे औषध खोटे असे मानू नये. घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्र्याला, किमान तीन महिने, दर महिन्याला, त्याच्या वजनाप्रमाणे आणि त्याच्याच जातीसाठी असलेले औषध द्यावे लागते. पिल्लाच्या हिरड्याही पाहाव्यात. पिसवा फार झाल्या तर लहान पिल्लू रक्त कमी होऊन पांढरेफटक पडते. गुदद्वाराजवळ तांदळाच्या कण्यांसारखे काही चिकटलेले दिसले तर तो पट्टकृमी. तोही पिसू गिळूनच पोटात जातो, तेव्हा जंताचे औषध त्याच फेरीत उरकून घ्यावे.

गोठ्यात भुरभुरायची पावडर, कापूर, निलगिरीचे तेल, टी ट्री तेल, रॉकेल यांपैकी काहीही लावू नये. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

प्रीतिसंगम (कऱ्हाड)

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. आमच्या बोक्याला पिल्लू असताना असाच चट्टा आला होता. आम्ही काहीही केले नाही आणि अडीच महिन्यांत केस पूर्ववत आले. मग एवढी औषधे, तपासण्या आणि खर्च खरोखर आवश्यक आहे का?

जाता जाता आणखी एक शंका विचारतो. आमची दुसरी मांजरी पूर्ण पांढरी आहे. दर उन्हाळ्यात तिच्या कानांच्या टोकांना लाली येते, साल निघते. यंदा डाव्या टोकावर एक लहान खपली आहे, ती पडते आणि पुन्हा धरते. हीसुद्धा खरूजच समजावी का? ती खाजवत नाही.

मिरजेचा पशुवैद्य

प्रीतिसंगम, आपला अनुभव खरा आहे. धडधाकट मांजराचा नायटा उपचाराविना दोन ते चार महिन्यांत बरा होऊ शकतो. परंतु त्या काळात ते मांजर रोज हजारो बीजाणू घरभर सांडत असते. घरात लहान मूल, गरोदर स्त्री, मधुमेही किंवा कर्करोगावर उपचार घेणारी व्यक्ती, किंवा दुसरे मांजर असेल, तर वाट पाहण्याची किंमत दुसरेच कोणी मोजते. गावभागकरांच्या घरात ती मुलीने मोजायला सुरुवात केलीच आहे.

आपल्या पांढऱ्या मांजरीबद्दल मात्र मी जरा कडक बोलतो. तिला या आठवड्यातच दाखवा. पांढऱ्या कानांत रंगद्रव्य नसते, केस विरळ असतात, आणि आपल्या भागातील ऊन वर्षानुवर्षे त्याच टोकांवर पडत राहते. त्यातून प्रथम लाली आणि साल निघणे, आणि पुढे न भरणारी खपली, हा त्वचेच्या कर्करोगाचा नेहमीचा मार्ग आहे. खाज नाही म्हणून निश्चिंत राहू नये. तुकडा तपासून खात्री करता येते, आणि वेळेवर सापडल्यास कानाचा तेवढा भाग काढून मांजर अनेकदा पूर्ण बरे होते. छाटलेल्या कानांची मांजरे दिसायला थोडी अस्वलासारखी दिसतात, त्यांना स्वतःला त्याचे काहीही वाटत नाही. दुपारी तिला गच्चीवर जाऊ देऊ नका.

गावभागकर (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झालेली प्रगती लिहितो.

पर्यवेक्षक काकांनी सांगितलेली फणीची चाचणी रविवारी सकाळी केली. आई साशंक होती. पांढऱ्या फडक्यावर पडलेल्या काळ्या कणांभोवती एकेक करून तांबडी कडी उमटू लागली, तेव्हा तिने ते फडके उजेडात धरून दोनदा पाहिले आणि काहीही न बोलता स्वयंपाकघरातील गोधडी उचलून बाहेर नेली. यमीला पिसवा आहेत.

सोमवारी दोघांना दवाखान्यात नेले. हळद चार दिवस बंद होती. अंधाऱ्या खोलीत दिवा धरल्यावर ठिपक्याच्या कपाळावरचे तुटके केस एकेक करून, जणू कोणी हिरव्या शाईत बुडवून ठेवल्यासारखे, चमकलेले मी स्वतः पाहिले. चट्टा दिसत नव्हता अशा कानामागच्या भागातही तीन-चार केस चमकत होते. केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहून डॉक्टरांनी नायट्यावर शिक्कामोर्तब केले. यमीच्या अंगावर काही चमकले नाही, तरी टूथब्रशने नमुना घेऊन तो कल्चरसाठी पाठवला आहे. म्हणजे एका घरात दोन मांजरे आणि दोन निराळे रोग. मी एकच ट्यूब दोघांवर चोळत राहिलो असतो.

पिल्लासाठी इट्राकोनॅझोल सुरू झाले आहे: एक आठवडा औषध, एक आठवडा विश्रांती, अशा तीन फेऱ्या. जोडीला आठवड्यातून दोनदा मायकोनॅझोल आणि क्लोरहेक्सिडीनच्या शांपूने अंघोळ. दोघांच्याही मानगुटीवर पिसवांचे, मांजरांसाठीचेच, थेंब टाकले. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांनी साधे बुरशीचे मलम दिले असून चार आठवडे न चुकता लावायला सांगितले आहे.

आता तीन अडचणी आहेत. घर नेमके कसे स्वच्छ करावे? आई रोज फिनाईलने पुसू म्हणते. शांपू दहा मिनिटे अंगावर ठेवायचा आहे, परंतु दहा मिनिटे त्या पिल्लाला धरून ठेवणे मानवी शक्तीबाहेरचे आहे. आणि औषध पोटात गेले याची खात्री कशी करावी?

मिरजेचा पशुवैद्य

फिनाईल नको. काळ्या फिनाईलमधील फिनॉलच्या जातीची द्रव्ये मांजराला विषारी असतात. ते ओल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते. जंतुनाशक कुठले वापरले यापेक्षा केस आणि कोंडा किती काढला, हे अधिक महत्त्वाचे आहे. तुटलेल्या एका केसावर असंख्य बीजाणू असतात आणि ते अनुकूल जागी दीड वर्षापर्यंत जिवंत राहू शकतात. तेव्हा पहिल्यांदा व्हॅक्यूम क्लीनर किंवा ओल्या फडक्याने केस उचलावेत. कोरड्या झाडूने झाडू नये, त्याने ते उडतात. सोफ्यावरचे केस चिकटपट्टीने निघतात. त्यानंतर साबणाच्या पाण्याने फरशी धुवावी आणि शेवटी एका भागास ३२ भाग पाणी या प्रमाणात घरगुती ब्लीच करून दहा मिनिटे ओले ठेवावे, मग साध्या पाण्याने पुसावे. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड किंवा दुसरे काहीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. चादरी व गोधड्या डिटर्जंटमध्ये दोनदा धुतल्या की पुरे. उकळण्याची गरज नाही.

पिल्लाला एका लहान, पुसता येण्याजोग्या खोलीत ठेवावे. तीन महिन्यांचे पिल्लू माणसांत वाढण्याच्या वयाचे असते, त्याला आठवडेच्या आठवडे एकटे कोंडून ठेवले तर कातडी बरी होईल आणि स्वभाव बिघडेल. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा कोणी मोठ्या माणसाने वेगळा सदरा घालून त्याच्याबरोबर बसावे, खेळावे आणि बाहेर येताना हात धुवावेत. मुलीने दारातून गप्पा माराव्यात.

शांपूसाठी एक युक्ती. आधी अंघोळीच्या टबाच्या तळाशी जुना टॉवेल अंथरावा, म्हणजे पाय घसरत नाहीत. मांजराची निम्मी झटापट त्या घसरण्याविरुद्ध असते. शांपू चोळून झाल्यावर पिल्लाला कोरड्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यावे आणि चमच्याने चिकनची पेज चाटवत राहावे. दहा मिनिटे जातात. नंतर पूर्ण धुऊन कोरडे करावे. अंगावरचे सर्व केस वस्तऱ्याने काढण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये, कारण कातडीला बारीक जखमा होऊन बुरशीला नवी दारे उघडतात.

औषधाबाबत थोडे सावध राहा. माणसांसाठीची कॅप्सूल बहुधा १०० मिलिग्रॅमची असते आणि आत साबुदाण्याच्या चुऱ्यासारखे दाणे असतात. एक-दीड किलोच्या पिल्लाला त्यातला अगदी अल्प अंश लागतो, तो घरी नजरेने वाटणे धोक्याचे आहे. आपल्या डॉक्टरांनी जसे वाटून किंवा पातळ स्वरूपात दिले असेल तसेच द्यावे. कॅप्सूलमधील दाणे असतील तर अन्नाबरोबर, पातळ औषध असेल तर त्यांनी सांगितलेल्या वेळी. खाणे बंद झाले, वारंवार उलट्या झाल्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर औषध थांबवून लगेच फोन करावा, कारण हे औषध यकृतावर ताण देऊ शकते.

केस उगवले म्हणजे रोग गेला असे धरू नका. डोळ्यांना दिसणारी सुधारणा आधी येते, बुरशी नंतर जाते. कल्चर स्वच्छ येईपर्यंत अंघोळ आणि सफाई चालू ठेवावी. कल्चरची सोय जवळ नसल्यास किंवा दुखणे चकवत राहिल्यास शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता आपल्याला ठाऊक असेलच. नाना पाटील आपल्या येडेमच्छिंद्रचे, तेव्हा नावाने ते आपलेच म्हणायचे.

यमीची खाज पिसवांचे औषध नियमित देऊनही दोन-तीन महिन्यांत थांबली नाही, तर पुढचा संशय अन्नाच्या ॲलर्जीवर घ्यावा लागेल. त्यासाठी तिने पूर्वी कधीही न खाल्लेले एकच मांस किमान आठ आठवडे द्यावे लागते आणि मधल्या काळात आजीच्या हातची दुधाची वाटीसुद्धा बंद ठेवावी लागते. त्या आठ आठवड्यांत मांजरापेक्षा घरातील माणसेच अधिक वेळा नियम मोडतात, म्हणून आताच घाई नको.

गावभागकर (सांगली)

मार्गशीर्ष लागला, म्हणून शेवटचा वृत्तान्त लिहितो. ठिपक्याच्या तीन फेऱ्या दिवाळीच्या आसपास पूर्ण झाल्या. कपाळावर केस आले आहेत, ते आधीपेक्षा किंचित गडद आहेत. पहिल्या कल्चरमध्ये बुरशीच्या थोड्या वसाहती आल्या, म्हणून अंघोळी चालू ठेवल्या. दुसरे कल्चर काल स्वच्छ आले. यमीचे कल्चर सुरुवातीपासूनच स्वच्छ होते. पिसवांच्या औषधाचा तिसरा महिना सुरू असून पाठीवरून हात फिरवल्यावर आता काही लागत नाही, मांड्यांवर लव आली आहे. मुलीचा डाग गेला, तिथे फिकट वर्तुळ तेवढे उरले आहे. प्रीतिसंगम यांनी आपल्या पांढऱ्या मांजरीचे काय झाले ते जरूर कळवावे.

मुलगी नऊ आठवडे दाराच्या फटीतून ठिपक्याला गोष्टी वाचून दाखवत होती. काल दार उघडल्यावर तो तिच्याकडे न जाता थेट पडद्यावर चढला. आईने हळदीचा डबा फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे. फणी मात्र तिने स्वतःच्या ताब्यात घेतली असून दर रविवारी सकाळी पांढरे फडके ओले करून ती दोघांनाही ओसरीवर बोलावते.